कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही: दुचाकीचे अपघात आणि रायडिंग गिअरची निवड

रायडिंग जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, घोट्यावर येणारे बूट हा सगळा रायडिंग गिअर म्हणजे लडाखला निघालेल्यांचं किंवा रविवारी पहाटे ताम्हिणीत मोठ्या गाड्या घेऊन जाणाऱ्यांचं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. ऑफिसला, क्लासला, मंडईत जायचं तर हेल्मेट पुरे, आणि अगदी जवळ जायचं असेल तर तेही डिकीतच राहतं. मला या समजाविरुद्ध बोलायचं आहे, कारण माणसं पडतात ती बऱ्याचदा अशाच जवळच्या फेऱ्यांत.

लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या गटाने ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ साली आलेल्या त्यांच्या अहवालातल्या दोन गोष्टी प्रत्येक स्कूटरवाल्याने लक्षात ठेवाव्यात. पहिली, बहुतेक अपघात खरेदी, छोटी कामं, मित्राकडे जाणं अशा लहान फेऱ्यांत झाले, आणि तेही निघाल्यानंतर थोड्याच वेळात. दुसरी, निम्म्या अपघातांत धडकेच्या क्षणी वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत होता. तिथले रस्ते रुंद, गाड्या मोठ्या. तरीही चित्र आपल्या गल्लीतलंच आहे.

आपल्या देशाचे आकडे तर अंगावर काटा आणणारे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट नसताना दगावलेल्यांची संख्या होती ५०,०२९, आणि त्यांतले १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसलेले होते.

आधी पडणं समजून घ्या

कुठला गिअर कशासाठी हे कळायचं असेल तर पडताना अंगाचं काय होतं ते कळायला हवं. ढोबळमानाने तीन प्रकार.

सगळ्यात नेहमीचा म्हणजे गाडी स्लिप होणं. वळणावर खडी, पहिल्या पावसात वर आलेलं तेल, पुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी, झेब्रा क्रॉसिंगचा ओला रंग, किंवा घाबरून दाबलेला पुढचा ब्रेक. चाक सुटतं, गाडी एका अंगावर पडते आणि आपण तिच्यामागे घसरत जातो. उंची फारशी नसते, पण घसरणं लांब असतं. ताशी ६० वेगात कोरड्या डांबरावर माणूस वीस-पंचवीस मीटर घसरतो, आणि त्याला जवळपास तीन सेकंद लागतात. साधी जीन्स डांबरावर सेकंदभरही धड टिकत नाही. उरलेला वेळ कातडी घासली जाते.

दुसरा प्रकार उडून पडण्याचा. घसरणारं मागचं चाक अचानक पकड घेतं आणि गाडी चालवणाऱ्याला वर फेकते. इथे खांदा, गळपट्टीचं हाड, डोकं आधी आपटतं.

तिसरा प्रकार धडकेचा. समोरून येणारी गाडी आपल्या पुढ्यातून उजवीकडे वळते, रिक्षा अचानक यू-टर्न घेते, उभ्या कारचं दार उघडतं. अंधारात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या रस्त्यांवर हे नेहमीचं आहे. इथे हिशेब कठोर होतो. ताशी ४० वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे सव्वासहा मीटरवरून, दोन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्याइतकं. ताशी ६० ला ती उंची चौदा मीटर होते.

हे स्पष्ट सांगायला हवं, कारण गिअर विकणारे ते सांगत नाहीत: जॅकेट किंवा गुडघ्याचा गार्ड तुम्हाला ट्रॉलीच्या मागच्या फळीपासून वाचवणार नाही. तिथे वाचवतो तो कमी केलेला वेग. ताशी ६० ला धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत, लक्ष पूर्ण रस्त्यावर असलं तरी, ३५ ते ४० मीटर जातात. रात्री डिप्परवर, म्हणजे खाली वळवलेल्या हेडलाइटमध्ये, तेवढा रस्ता नीट दिसत नसेल तर तो वेग त्या रात्रीसाठी जास्तच आहे. गिअरचं काम पहिल्या दोन प्रकारांत आणि हलक्या धडकेत. पण रोजच्या रस्त्यावर आपल्या वाट्याला जास्त करून तेच येतात.

पहिली खरेदी: हेल्मेट

याच्याआधी दुसरं काहीही घेऊ नका. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. इतक्या कमी पैशांत इतकं मोठं संरक्षण देणारी दुसरी वस्तू माझ्या माहितीत नाही.

या वस्तूमागे एक गोष्ट आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी घराजवळच्या लष्करी छावणीतून तार पाठवून परत येत होते. सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना ते मोटरसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी गेले. फेरी तिथलीही छोटीच होती. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा चिकाटीने अभ्यास केला, १९४१ मध्ये तो छापला, आणि ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. आज आपल्या डोक्यावर जे असतं त्याची मुळं तिथे आहेत.

दुकानात गेल्यावर सरळ फुलफेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं हेल्मेट मागा. जर्मनीत अपघातग्रस्त हेल्मेटांवर मार कुठे बसला याची नोंद केली गेली, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर आढळले. टोपीसारख्या अर्ध्या हेल्मेटमध्ये तो भाग उघडा असतो, आणि जबडा तुटलेल्या माणसाचे पुढचे कित्येक आठवडे पातळ जेवणावर जातात. उघडझाप होणारं मॉड्युलर हेल्मेट चालेल, पण चालवताना ते बंदच हवं.

मग खूण बघा. भारतात जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर 'आयएस ४१५१' आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. स्टिकर कोणीही छापतं, म्हणून दुकानातच फोनवर 'बीआयएस केअर' ॲप उघडा, क्रमांक टाका आणि परवाना खरंच त्या कंपनीच्या नावावर आहे का ते पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली दोन-तीनशे रुपयांची हेल्मेटं दंड टाळण्यासाठी बनवलेली असतात. खरं आयएसआय फुलफेस दीड-दोन हजारांत येतं. बजेट मोठं असेल तर युरोपच्या ईसीई २२.०६ चाचणीतून गेलेलं घ्या. तिच्यात डोक्याला बसणारा पिळाचा झटकाही तपासला जातो, आणि मेंदूला अशा झटक्यानेही मोठी इजा होते.

आता माप. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवा. कंपनीच्या तक्त्यात त्या आकड्यासमोरचा साइझ घाला आणि पट्टा बांधा. गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. मान जोरात हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोकं हेल्मेटच्या आत फिरता कामा नये. मग मागची कडा धरून कोणाला तरी ते पुढे ओढायला सांगा. निघून आलं तर पडतानाही निघणार. दहा मिनिटं तसंच डोक्यावर ठेवा. कपाळावर एकाच जागी ठणकायला लागलं तर त्या कंपनीचा आकार तुमच्या डोक्याला जमत नाही, दुसरी बघा. एक साइझ मोठं घेऊन आराम विकत घेऊ नका. आतलं अस्तर महिनाभरात थोडं सैल होतंच.

पट्टा हनुवटीखाली इतका घट्ट हवा की आत जेमतेम दोन बोटं जावीत. हातात अडकवलेलं, टाकीवर ठेवलेलं किंवा पट्टा लोंबकळणारं हेल्मेट म्हणजे हेल्मेट नसणंच.

आत कवचाखाली जो थर्मोकोलसारखा थर असतो तेच खरं हेल्मेट. मार बसला की तो चेपतो आणि धक्का खातो, पण एकदाच. म्हणून गाडीच्या आरशावर हेल्मेट अडकवू नका, आरशाचं टोक त्या थरात खळगा करतं. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका. आपटलं नसलं तरी साधारण पाच वर्षांनी बदला. रात्री काच पारदर्शक हवी. काळी काच आवडत असेल तर दिवसापुरती वेगळी ठेवा.

हात आणि पाय: स्वस्तात मोठा फायदा

पडताना माणूस हात पुढे करतो. ही सवय शिकवून जात नाही. तळहात डांबरावर टेकतो, मनगट मागे वळतं आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडतं. ग्लोव्ह्ज घेताना तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर कडक, गुळगुळीत पट्टी असलेले बघा, म्हणजे हात रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरतो. मनगटाचा पट्टा बांधून बोटांच्या टोकांनी ग्लोव्ह ओढा, तो निघता कामा नये. अर्धी बोटं उघडी असलेले विणलेले हातमोजे उन्हासाठी ठीक, अपघातासाठी नाहीत.

पायांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा भागात अपघात झालेल्या २१२ स्वारांवर केलेला अभ्यास (२०११) डोळे उघडणारा आहे. खास मोटरसायकलचे नसलेले साधे बूट घातलेल्यांनाही, नेहमीचे किंवा धावण्याचे शूज घातलेल्यांच्या तुलनेत, पाय-घोट्याच्या दुखापतीचा धोका निम्म्याहून कमी होता. म्हणजे सुरुवात करायला महागडे रायडिंग बूट लागत नाहीत. एमआयडीसीत कामगार घालतात ते घोट्यावर येणारे चामड्याचे सेफ्टी शूज कुठल्याही हार्डवेअरच्या गल्लीत मिळतात. टाच धरून पिळून बघा, सहज पिळला गेला तर नको. नाड्या आत खोचा, त्या गिअरच्या लिव्हरमध्ये अडकतात. चप्पल, क्रॉक्स, फ्लोटर घालून गाडी चालवू नका, गल्लीतसुद्धा.

जॅकेट आणि पँट

त्याच कॅनबेराच्या अभ्यासात रायडिंग जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी कमी होता, रायडिंग पँट घातलेल्यांना जवळपास निम्मा. पँटचा फायदा जॅकेटपेक्षा मोठा, आणि आपण नेमके जॅकेटवर पैसे घालून खाली पातळ ट्रॅकपँट घालतो. अभ्यासाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. आतल्या आर्मरमुळे, म्हणजे खांदा-कोपर-गुडघ्यावरच्या संरक्षक पॅडांमुळे, हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलं नाही, फायदा होता तो कातडी, स्नायू, खरचटणं, फाटणं यांत. आणि अपघातात सापडलेल्या जॅकेटांपैकी सुमारे ३० टक्के फाटली किंवा उसवली. तेव्हा बाहेरून रायडिंग जॅकेट दिसणारी प्रत्येक वस्तू रायडिंग जॅकेट नसते.

म्हणून लेबल वाचायला शिका. युरोपच्या ईएन १७०९२ प्रमाणात कपड्यांना 'एएए', 'एए', 'ए' असे वर्ग आहेत. रोज शहरात फिरायला 'ए' ठीक, हायवेला 'एए' घ्या. खांदा, कोपर, गुडघ्याच्या पॅडवर 'ईएन १६२१-१' छापलेलं असतं, पाठीच्या पॅडवर 'ईएन १६२१-२'. लेव्हल १ पेक्षा लेव्हल २ बरंच जास्त धक्का खातं: पाठीच्या पॅडमध्ये लेव्हल १ पलीकडे जाऊ देतं त्याच्या निम्माच जोर लेव्हल २ पलीकडे पोचू देतं. स्वस्त जॅकेटात पाठीच्या खिशात नुसता फोम भरलेला असतो. चेन उघडून बघा. फोम असेल तर तो काढून खरं पॅड वेगळं विकत घ्या.

माप घेताना आरशासमोर उभं राहू नका, गाडीवर बसा. हँडलला हात पोचवल्यावर कोपराचा पॅड कोपरावरच राहतो का? बाही धरून फिरवल्यावर तो बाजूला सरकतो का? सरकत असेल तर पडताना तो नेमका नको तिथे असेल. जॅकेट अंगाबरोबर बसलं पाहिजे.

ऑफिसला रायडिंग पँट घालून कसं जाणार, हा खरा प्रश्न आहे. उपाय दोन. नेहमीच्या पँटवरून चढवता येईल अशी, पूर्ण लांबीची बाजूची चेन असलेली पँट. पोचल्यावर दोन मिनिटांत उतरते. किंवा पट्ट्यांनी बांधायचे गुडघ्याचे गार्ड. ते घसरण्यापासून मांडी वाचवत नाहीत, पण गुडघा वाचवतात. बसून बांधा, उभं राहून नाही. उभं राहून बांधलेले गाडीवर बसल्यावर वर सरकतात.

पैसे एकदम नसतील तर माझा क्रम असा: हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बूट, गुडघे, मग जॅकेट. जॅकेट शेवटी ठेवल्याबद्दल अनेक अनुभवी रायडर माझ्याशी भांडतील. पण एका चांगल्या जॅकेटच्या पाच-सात हजारांत ग्लोव्ह्ज, बूट आणि गुडघ्याचे गार्ड या तीन गोष्टी बसतात, आणि त्या रोज वापरल्या जातात.

ऊन, पाऊस आणि मांजा

"नागपूरच्या मेमध्ये जॅकेट?" हा आक्षेप खरा आहे. उत्तर आहे जाळीचं, मेश जॅकेट, फिकट रंगाचं. आत सुती बनियन भिजवून, पिळून घाला, चालत्या गाडीवर बराच वेळ गार वाटतं. दुपारी बारा ते चार लांबचा प्रवास टाळा, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. चक्कर आलेला माणूस कितीही गिअर घातला तरी पडतोच.

पावसात पोंचू नको, त्याचं टोक फडफडून चाकात किंवा चेनमध्ये जातं. दोन भागांचा रेनसूट जॅकेटवरून घाला, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या असलेला. काचेवर आतून वाफ धरते तिच्यासाठी पिनलॉक नावाची आतली पट्टी मिळते. आंबोली, वरंधसारख्या घाटांत पावसाळ्यात ती असावीच.

संक्रांतीच्या आसपास गळा झाका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, पण तो दर जानेवारीत दिसतोच आणि दुचाकीवाल्यांचे गळे चिरतो. फुलफेस हेल्मेट, वरपर्यंत चेन लावलेली कॉलर, खाली जाड कापड, आणि त्या दिवसांत उड्डाणपुलावर कमी वेग.

मागे बसणारे

पगडी बांधणारे शीख सोडले तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द होऊ शकतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा सुरक्षा पट्टा लागतो, वेग ताशी ४० च्या आत. आई-बाबांच्या मध्ये झोपलेलं मूल पकडीवर राहत नाही, ते नुसतं दोघांत दाबलेलं असतं.

साडी किंवा ओढणी मागच्या चाकात गेली तर माणूस क्षणात खेचला जातो. साडी गार्ड आणि मागच्याला धरायची पट्टी गाडीवर असणं नियमातच आहे. शोभेसाठी काढून टाकला असेल तर आजच परत बसवून घ्या. पदर कमरेला खोचा, ओढणीची दोन्ही टोकं पुढे बांधा. एकीकडे पाय सोडून बसण्यापेक्षा दोन्हीकडे पाय टाकून बसणं कितीतरी स्थिर.

पडलातच तर

हँडल सोडा. गाडी जाऊ द्या. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. थांबल्यासारखं वाटतं तेव्हाही माणूस बऱ्याचदा घसरतच असतो. थांबल्यावर आधी मागून काय येतंय ते बघा आणि रस्त्याच्या कडेला व्हा.

दुसरा कोणी पडलेला दिसला तर आधी एकाला मागे रहदारी थांबवायला उभं करा, पडलेल्या गाडीची चावी बंद करा, १०८ किंवा ११२ लावा. माणसाला ओढून बसतं करू नका, पाणी पाजू नका. तो श्वास घेत असेल तर हेल्मेट तसंच राहू द्या, फक्त काच वर करा. श्वास बंद असेल किंवा उलटीने गुदमरत असेल तरच हेल्मेट काढा, आणि तेही दोघांनी: एकाने खालून जबडा आणि मानेचा मागचा भाग स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टा कापून हेल्मेटच्या दोन्ही बाजू बाहेर ताणत हळूहळू वर काढायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. मदत केली म्हणून पोलिसांचं झंझट मागे लागेल ही भीती सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदतकर्त्यांना संरक्षण दिलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्येही ते आहे. नाव सांगायची सक्ती नाही.

स्वतःला "काही नाही झालं" असं वाटलं तरी डोकं आपटलं असेल तर त्या रात्री एकटं झोपू नका. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत असेल तर माणूस आधी अगदी नीट बोलतो-चालतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, एक बाहुली मोठी दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर तडक मोठ्या रुग्णालयात, जिथे सीटी स्कॅन होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाटही बघू नका.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सोडून देऊ नका. स्कॅफॉइडची चीर पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो, दुर्लक्ष केलं तर हाड जुळतच नाही. खरचटलेल्या जागी हळद, टूथपेस्ट, पेट्रोल काहीही नको. वाहत्या पाण्याने आणि साबणाने खडीचा कणन्‌कण धुवून काढा, नाहीतर तो कातडीखाली कायमचा राहतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

मग गिअर तपासा. आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी आतला थर चेपलेला असतो, ते बाद. ग्लोव्ह किंवा जॅकेटची शिवण उसवली असेल तर कपड्याच्याच ताकदीच्या दोऱ्याने पुन्हा शिवून घ्या. कापड झिजून पातळ झालं असेल तर तेही बाद. आणि बाद हेल्मेट भंगारात टाकण्याआधी त्याचा पट्टा कात्रीने कापा, म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर जाणार नाही.